भरतीची वही

सोमवारी दुपारी बारापर्यंत कळवायचं आहे.
आज शनिवार. मी निवतीच्या धक्क्यावर,
मांडीवर लॅपटॉप, बोटांना सुक्या बांगड्याचा वास,
पडद्यावर दोन पत्रं, शेजारीशेजारी.

पहिल्यात बहात्तर आसनांचं, दोन पंख्यांचं विमान,
दिवसाला चार उड्डाणं, तीन वर्षांचा बाँड,
दर पंचवीस तारखेला पुढच्या महिन्याचा रोस्टर
आणि ज्येष्ठतेच्या यादीत माझा आकडा, दोनशे अकरा.
वरचे दोनशे दहा म्हातारे होतील, सोडून जातील,
नाहीतर मेडिकलला नापास होतील,
असं मनात येतं आणि मी जीभ चावते.

दुसऱ्यात आठ आसनांचं जेट. पगार दीडपट.
रोस्टर नाही. फोन आहे,
फोनच्या पलीकडे कुणी बाफना,
"दोन तासांत निघायचंय, मॅडम."

त्यांच्याकडे सहा आठवडे उडवून पाहिलंय मी.
एका लग्नासाठी पाहुणे घेऊन इथेच आलो, चिपीला.
बॅगा उतरवल्या, कुत्र्याचा पट्टा धरला,
उरलेल्या काजूंवर प्लास्टिक पुन्हा ताणून बसवलं
आणि साडेसात तास विमानाच्या सावलीत बसले,
सावली सरकेल तशी सरकत.
सड्याच्या कडेवरून आमचं सुरूचं बन दिसत होतं,
बोटाच्या पेराएवढं.
घर वीस मिनिटांवर. साहेब कधीही येतील.
आई फोनवर म्हणाली, "तिसऱ्यांचा कालवण केलंय,
डबो घेवन येव काय?"
मी म्हटलं, आत सोडणार नाहीत.
"तुझ्याच विमानाकडे?"

पण खोटं कशाला बोलू.
त्याच सहा आठवड्यांत एका रात्री
अनोळखी धावपट्टी, दिवे अर्धेच पेटलेले,
कॅप्टन दारूवाला म्हणाले, ठरव तूच.
आणि मी ठरवलं. चाकं टेकेपर्यंत
माझा श्वास मला ऐकू येत होता.
तसं मोठ्या कंपनीत कोण देईल,
दोनशे अकराव्या माणसाला?

बाबा खाडीवर तर चालवायचे. एकोणीस वर्षं.
दोन काठ, दिवसाला तीस फेऱ्या,
पाट्या घेतलेल्या बायका, दप्तरं, एकदा एक म्हैस,
आणि कोण कुठे उतरणार हे न विचारता ठाऊक.
मग पूल झाला. तर चिखलात उलटी पडली.
भाऊ डिगू आता पर्यटकांना डॉल्फिन दाखवतो,
फोन चार्जिंगला लावून, त्याच्याकडे बघत बसतो.

मला वाटलं, सापडलं. तर आणि डिगूची होडी,
रोस्टर आणि फोन. बाबांना ऐकवलं, जरा ऐटीत.
ते जाळ्यातली गाठ सोडवत राहिले.
"होडयेक बाँड नसता," म्हणाले.

संध्याकाळी ते वही काढतात,
तर नाही, तरी भरती लिहितात.
तिथी, वारा, पाणी कुठल्या दगडापर्यंत.
रोज पाऊण तास पुढे,
कालच्यासारखी नाही, पण न सांगताही नाही.
इतक्या वर्षांत मी कधी नीट वाचली नव्हती ती वही.
समासात, पेन्सिलीने, माझी नोंद आहे,
त्या डिसेंबरातली:
दुपारी कधीतरी गेला. ढग होते. दिसलं नाही.

त्यांनी नवं पान उघडलं, चष्मा पुसला.
"कधी जातलंस हयसून वरसून, ता सांग.
येळ लिवन ठेवतंय."

एका पत्राला वेळ होती.
मंगळवार, गुरुवार, शनिवार, अकरा चाळीस.
उशीर होईल, रद्दही होईल,
कधी या मार्गावरही पूल बांधतील कुणीतरी.
मी सांगितलं. त्यांनी लिहिलं,
भरतीच्या खाली, त्याच अक्षरात.

दुसरं पत्र अजून मिटलेलं नाही.